गुहागरजवळच्या वाडीत सिमची कंपनी बदलताना फुकट ओटीटी (नेटवरचे सिनेमे-मालिका) बघावं की रेंज?

रेंजच बघा. रिचार्जसोबतचं ओटीटी बऱ्याचदा फक्त मोबाइलपुरतं असतं, टीव्हीवर लागत नाही. वर डेटा आपल्याच रोजच्या कोट्यातून जातो. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊ नये म्हणूनची ही सोय. जिओभारत फोन स्वस्त, पण त्यात जिओशिवाय दुसऱ्या कंपनीचं सिम चालत नाही.

अंगणातल्या रेंजच्या दांड्यांवर जाऊ नका. ज्या कंपनीत जायचंय तिचं शेजाऱ्याचं सिम घालून माजघरातून कॉल लावा. जांभ्याच्या जाड भिंतींआड खरं काय ते कळतं.

मग नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला १९०० वर इंग्रजीत पोर्ट (PORT), जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस. उत्तरात येणारा कोड नव्या कंपनीला द्यायचा, तो ४ दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. चाकरमान्यांचं मुंबईचं सिम असेल तर सर्कल (कंपन्यांचा सेवा-विभाग) बदलतं, मग नंबर नव्या कंपनीत जायला ३ऐवजी ५ कामाचे दिवस धरा.