वेल्डिंग न करता, कमी खर्चात फ्लाइट सिम्युलेटरसाठी रडर पेडल्स घरी बनवता येतात का?

हो, येतात. तुम्ही लिहिलंय की जॉयस्टिक पिळून रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची फळी) चालवायचा कंटाळा आलाय, तयार पेडल्स परवडत नाहीत आणि हाताशी ड्रिल, करवत आणि सोल्डरिंग आयर्न एवढंच आहे. तेवढं पुरतं. माझी पेडल्स प्लायवुडची आहेत आणि मी आजही त्यांच्यावरच उडतो.

एक गोष्ट आधी सांगतो, कारण बहुतेकांचा सगळा वेळ सर्किट आणि कोडमध्ये जातो. पेडल्स चांगली की वाईट हे ठरतं मधल्या जागेच्या आसपासच्या दोन-तीन मिलिमीटरमध्ये. धावपट्टीवर विमान सरळ ठेवताना पाय सतत एवढेच हलत असतात. तिथे सांधा लूज असेल किंवा घर्षण जास्त असेल, तर कितीही महागडा सेन्सर लावा, विमान नागमोडीच धावणार. म्हणून पैसे वाचवायचे ते लाकडात आणि सेन्सरमध्ये. बेअरिंग आणि नट-बोल्ट मात्र चांगलेच घ्या.

सर्वात सोपी रचना म्हणजे मधोमध एका खिळीवर फिरणारा आडवा दांडा, दोन टोकांना दोन पाय. पहिल्या महायुद्धातल्या विमानांत असाच रडर बार असायचा. त्यात अडचण एकच: दांडा फिरतो तशी पेडल्सही तिरकी होतात आणि घोट्याला पीळ बसतो. त्यावर उपाय म्हणजे एकाऐवजी दोन समांतर दांडे, एक पुढे आणि एक मागे, दोन्ही आपापल्या मध्यावर फिरणारे. त्यांची डावी टोकं पुढून मागे जाणाऱ्या एका पट्टीने जोडायची, उजवी दुसऱ्या पट्टीने, आणि पेडल त्या पट्टीवर बसवायचं. आता डावा पाय पुढे गेला की उजवा तेवढाच मागे येतो आणि दोन्ही पेडल्स कायम समोरच पाहतात.

ही चौकट सहज फिरायला हवी असेल तर मापं जुळलीच पाहिजेत. दोन्ही दांडे एकावर एक क्लॅम्पने आवळून भोकं एकदमच पाडा, पट्ट्यांचंही तसंच करा. पायथ्यावरच्या दोन खिळींमधलं अंतर आणि पट्टीवरच्या दोन भोकांमधलं अंतर तंतोतंत सारखं हवं. एका मिलिमीटरचा फरकसुद्धा ठराविक कोनात चौकट अडकवतो, आणि मग लोक भोक मोठं करतात. तिथूनच लूजपणा सुरू होतो.

मधल्या खिळीसाठी एम८ बोल्ट आणि ६०८ नंबरची बेअरिंग वापरा. स्केटच्या चाकात असतात तीच, त्यामुळे कुठेही मिळतात. आतलं भोक ८ मिलिमीटर, बाहेरचा व्यास २२, जाडी ७. दांडा १८ मिलिमीटर प्लायवुडचा असेल तर वरून एक आणि खालून एक अशी दोन बेअरिंग बसवा, मध्ये ४ मिलिमीटर लाकूड उरतं. दोन बेअरिंग हवीतच, एकावर दांडा वर-खाली डुलतो. बोल्ट जिथून येतो तो पायथा दोन प्लाय एकमेकांवर चिकटवून ३६ मिलिमीटर जाड करा, खाली मोठा वायसर घाला आणि वर नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) लावा, म्हणजे कंपनाने सैल होणार नाही. टोकांच्या चार सांध्यांवरही तीच बेअरिंग लावलीत तर उत्तमच, नाहीतर नायलॉनचे वायसर आणि घट्ट बसणारा बोल्ट पुरतो.

मापांचा अंदाज: मध्यापासून पेडलपर्यंत १५० मिलिमीटर ठेवलेत आणि दांडा दोन्ही बाजूंना २० अंश फिरू दिलात, तर पेडल साधारण ५१ मिलिमीटर पुढे आणि तेवढंच मागे जातं. घरासाठी हे भरपूर आहे. शेवटाला दांडा आपटू नये म्हणून रबरी तुकड्यांचे थांबे लावा. हा धक्का सेन्सरने सोसायचा नसतो.

आता स्प्रिंग. खेचाच्या दोन सारख्या स्प्रिंग, दांड्याच्या एकेका बाजूला एक. इथली खरी मेख अशी की पेडल्स मध्यावर असतानाही दोन्ही स्प्रिंग ताणलेल्या हव्यात, आणि त्याही मध्यापासून टोकापर्यंत जेवढं अंतर बदलतं त्याहून जास्त. स्प्रिंग मध्यापासून ७५ मिलिमीटरवर अडकवलीत तर तो बिंदू दोन्हीकडे सुमारे २६ मिलिमीटर सरकतो. म्हणजे मध्यावर किमान ३० मिलिमीटर ताण ठेवा. ताण कमी असला तर अर्ध्या वाटेत एक स्प्रिंग ढिली पडते, तिचा हुक खडखडतो आणि पायाखालचा जोर अचानक बदलतो. स्प्रिंगऐवजी रबर लावू नका, त्याचा ताण हळूहळू उतरतो आणि मध्य सरकत राहतो. हेलिकॉप्टरच उडवणार असाल तर स्प्रिंग काढूनच टाका. तिथे पेडल ठेवलं तिथेच राहायला हवं, त्यासाठी मधल्या नटाखाली फेल्टची चकती घालून थोडं घर्षण द्या.

सेन्सरकडे येऊ. १० किलोओमचा लिनियर पोटेन्शियोमीटर, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा फिरणारा पॉट, सर्वात स्वस्त, पण तो थेट खिळीवर लावू नका. पॉट साधारण ३०० अंश फिरतो आणि तुमचा दांडा जेमतेम ४०. बोर्ड सेन्सर वाचतो त्या दहा बिटच्या वाचनात १०२४ पायऱ्या असतात, त्यातल्या फक्त १३७च्या आसपास तुमच्या वाट्याला येतात. त्याऐवजी दांड्यावर १०० मिलिमीटरवर एक सळई अडकवा आणि तिचं दुसरं टोक पॉटच्या ४० मिलिमीटर लांब हातावर. पॉट आता सुमारे ११७ अंश फिरतो आणि पायऱ्या जवळपास ४०० होतात. एवढ्यात रडर छान चालतो.

माझी स्वतःची पसंती मात्र हॉल सेन्सरला, म्हणजे चुंबकाचा जोर मोजणाऱ्या एसएस४९ई सारख्या सेन्सरला. त्यात घासणारं काही नाही, त्यामुळे धुळीने कचकच करत नाही. दोन चुंबकं समोरासमोर, एकाचा उत्तर ध्रुव दुसऱ्याच्या दक्षिणेकडे, आणि मधोमध सेन्सर. चुंबकं दांड्याबरोबर फिरतात, सेन्सर पायथ्याला स्थिर. पेडल्स मध्यावर असताना मल्टिमीटरवर २.५ व्होल्टच्या आसपास दिसेल असा सेन्सर फिरवून घ्या. मग चुंबकांमधलं अंतर कमी-जास्त करून दोन टोकांना १ आणि ४ व्होल्टच्या जवळ आणा. सहाशेच्या आसपास पायऱ्या मिळतात.

सेन्सर वाचून संगणकाला कळवणारा छोटा बोर्ड घेताना आर्डुइनो लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो घ्या. त्यांच्यावरची एटीमेगा३२यू४ चिप संगणकाला थेट जॉयस्टिक म्हणून दिसते. साधे जुने उनो आणि नॅनो तसे दिसत नाहीत, स्वस्त दिसले तरी ते टाळा. तारा तीनच: ५ व्होल्ट, ग्राउंड आणि सिग्नल. सिग्नल आणि ग्राउंडमध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. जॉयस्टिकची तयार लायब्ररी मिळते, तिच्यात रडरचा अक्षही आहे. कोडमध्ये आठ-दहा वाचनांची सरासरी घ्या आणि दोन टोकांचे आकडे भरा, एवढंच काम.

सिम्युलेटरमध्ये ऑटो-रडर किंवा ऑटो-कोऑर्डिनेशन नावाची मदत बंद करायला विसरू नका, नाहीतर पेडल्स जोडूनही अर्धं काम संगणकच करत राहील. डेड झोन, म्हणजे मध्याजवळची जी हालचाल सिम्युलेटर दुर्लक्षितो ती, शून्यावरून सुरू करा. मध्यावर आकडा थरथरत असेल तेवढाच वाढवा.

पेडल्स जमिनीवर कशी धरायची, हा प्रश्न बहुतेक जण शेवटी ढकलतात. पाय पेडलला पुढे रेटतो तेव्हा तुमची पाठ खुर्चीला तेवढ्याच जोराने मागे रेटते. चाकांची खुर्ची असेल तर ती मागे पळते आणि पेडल्स पुढे. खाली रबर चिकटवून हे थांबत नाही. पायथ्यापासून खुर्चीच्या पायापर्यंत एक जाड पट्टा किंवा लाकडी पट्टी बांधा, म्हणजे दोन्ही जोर एकमेकांत मिटतात आणि जमिनीवर काहीच सरकत नाही.

टो ब्रेक, म्हणजे पेडलचा वरचा भाग पायाच्या बोटांनी दाबून लावायचा चाकाचा ब्रेक, हवा की नको हे तुम्ही कोणतं विमान उडवता यावर आहे. सेसना १७२मध्ये पुढचं चाक पेडलनेच दोन्हीकडे सुमारे १० अंश वळतं, त्यामुळे टो ब्रेकशिवाय बरंच निभतं, ब्रेकला जॉयस्टिकचं एक बटण द्या. एअरबस ए३२०मध्ये पेडलने पुढचं चाक फक्त ६ अंश वळतं, मोठी वळणं टिलरने (पुढचं चाक वळवायच्या हाताच्या छोट्या दांड्याने) घेतात, तिथेही सुरुवातीला अडणार नाही. पण सिरस एसआर२२ किंवा डायमंड डीए४० आवडत असेल तर पुढचं चाक मोकळं असतं आणि जमिनीवरचं वळणं एका बाजूच्या ब्रेकवरच होतं. तसं असेल तर आत्ताच पेडलची फळी खालच्या कडेला बिजागरीवर बसवा, मागे एक दाबाची स्प्रिंग ठेवा आणि दोन सेन्सरची जागा सोडा. बोर्डवर ॲनालॉग पिना शिल्लक असतात, ब्रेक नंतर कधीही जोडता येतील.