आधी मजकूर, मग चित्र

तुझं एम.ए. फ्रेंच झालंय, अठराव्या शतकातल्या कादंबऱ्या आणि त्यांतल्या चित्रांवर पीएच.डी. करायची आहे, पण 'चित्रं बघत आयुष्य काढणार का?' असं घरचे विचारतात. काढता येतं. पोटापाण्याची नोकरी फ्रेंच शिकवण्याचीच असेल, एवढं घरी स्पष्ट सांग. आणि सुरुवात चित्रांपासून करू नकोस.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात प्राध्यापक राहिलेले फिलिप स्टुअर्ट कोणत्या वाटेने या विषयाकडे आले ते बघ. १९६९ चं त्यांचं पुस्तक आत्मकथनाच्या रूपातल्या कादंबऱ्यांवर आहे. 'हे मी लिहिलं नाही, मला सापडलं' अशी बतावणी तेव्हाचे लेखक सर्रास करत. मारिव्होच्या कादंबरीतली नायिका 'मारियान', तिच्या आत्मकथनाच्या वह्या म्हणे रेनजवळ विकत घेतलेल्या घरात, भिंतीतल्या कपाटात मिळाल्या! कोरीव चित्रांवरचं 'इन्ग्रेव्हन डिझायर' आलं ते थेट १९९२ मध्ये. मला यात विषय बदललेला दिसत नाही. गोष्ट 'मी' सांगतो आणि चित्र त्या 'मी'लाच बाहेरून दाखवतं. निवेदकावर वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसाला हे जाणवणारच.

रूसोच्या 'झ्युली' (१७६१) या पत्ररूप कादंबरीचं पहिलं चित्र उघड. पहिल्या चुंबनानंतर तिचा प्रियकर सें-प्रे झ्युलीला लिहितो की तू फिकी पडलीस, डोळे मिटलेस, बहिणीच्या, म्हणजे क्लेरच्या, अंगावर रेललीस. त्या क्षणी तो स्वतः कसा दिसत होता, हे त्याच्या पत्रात कुठून येणार? चित्रकार ग्राव्हलोच्या चित्रात मात्र झ्युली, क्लेर आणि तो, तिघंही समोर आहेत. बाराही चित्रांसाठी रूसोने स्वतः सूचना लिहिल्या होत्या. त्यांत सें-प्रे दिसायला साधाच हवा, फक्त चेहरा भावुक, असंही आहे. तांब्याच्या पत्र्यावर जे कोरलेलंच नाही ते बघणाऱ्याच्या मनात उभं करणं हेच चित्रकाराचं कसब, असं रूसो म्हणतो. ते वाक्य वाचून मी कितीतरी वेळ त्या चित्रापुढे बसून होतो.

एक काळजी घे. मजकूर खिळे जुळवून छापला जाई, चित्रं तांब्याच्या पत्र्यावरून वेगळ्या यंत्रावर, आणि पुस्तक बांधताना ती मध्ये घातली जात. 'झ्युली'ची चित्रं तर पॅरिसमध्ये स्वतंत्र संच म्हणूनही विकली गेली. त्यामुळे एका प्रतीत चित्रं असतात, दुसरीत नसतात. गॅलिकावरची (फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ऑनलाइन संग्रहातली) एकच प्रत पाहून निष्कर्ष काढलास तर फसशील. दोन-चार प्रती ताडून बघच.

जुन्या छपाईचीही सवय कर. त्यातला लांब 'एस' जवळजवळ 'एफ'सारखा दिसतो, पहिले काही दिवस डोळे दुखतील.

आता एवढं कर: 'झ्युली'च्या पहिल्या भागातलं चौदावं पत्र वाच, मग रूसोची सूचना, आणि चित्र सगळ्यात शेवटी. काय दिसलं ते दोन पानांत लिहून मला पाठव.