सिंकखालच्या यंत्राला 31 हजार?

प्रश्न: कोथरूडला जुन्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. आम्ही दोघं नोकरीला. सासूबाईंना गुडघ्यांमुळे ओल्या कचऱ्याची बादली घेऊन जिना उतरवत नाही. सिंकखाली कचरा दळणारं यंत्र बसवावं का? यंत्र 26,500, प्लंबिंग आणि विजेचा पॉइंट धरून 31,000. कार्डावर बारा महिन्यांचा ‘नो कॉस्ट’ हप्ता मिळतोय. गृहकर्जाचा हप्ता 28,000, बचत खात्यात 60,000 आहेत.

उत्तर: सध्या नको, आणि हप्त्यावर तर नकोच.

विजेची काळजी सोडा. अर्ध्या अश्वशक्तीची मोटर दिवसाला दोन-तीन मिनिटं फिरेल, महिन्याला एक युनिटही जळणार नाही. यंत्र दहा वर्षं टिकलं तर दुरुस्ती सोडून महिन्याला 260 रुपये पडतात. त्यातून वाचतं काय? कचरा नेण्याचं शुल्क सुरूच राहणार, कारण सुका कचरा तर द्यायचाच आहे. शिवाय आंब्याची कोय, नारळाची करवंटी, मक्याच्या कणसाची सालं, शेवग्याच्या शेंगांचा चोथा हे सगळं यंत्रात टाकायचं नाही. म्हणजे बादली राहतेच, फक्त हलकी होते.

मला खरी धास्ती वाटते ती पाइपची. दळलेला लगदा तुमच्या घरातून गेला तरी इमारतीच्या सामाईक पाइपमधून जातो. तूप-तेल आणि पिठूळ पाणी आतून थर धरतं, त्यात तंतू अडकले की तुंबतं, आणि पाणी वर येतं ते तळमजल्यावरच्या सिंकमधून! चेंबर साफ करायचं बिल आलं की यंत्र असलेल्या एकमेव घराकडे सगळे बघणार, चूक कुणाची का असेना. हा खर्च तुमच्या कोटेशनमध्ये नाही. यंत्र चालू असताना नळही चालूच ठेवावा लागतो. उन्हाळ्यात टँकर येत असतील तर तेही हिशेबात धरा.

‘नो कॉस्ट’मध्ये व्याज असतंच, ते सवलत म्हणून वळतं केलेलं असतं. त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी मात्र तुम्ही भरता, म्हणजे इथे चारशेच्या आसपास, वर प्रोसेसिंग फी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं. रक्कम किरकोळ आहे. पण 60,000 म्हणजे तुमचे जेमतेम दोन गृहकर्जाचे हप्ते, आणि घरात वयस्कर माणूस. आधी ही गंगाजळी निदान दीड-पावणेदोन लाखांवर न्या.

सासूबाईंचा त्रास मात्र आजचा आहे, तो थांबवायला 31 हजार लागत नाहीत. कचरा नेणाऱ्या ताईंना वर दारापर्यंत येण्याचे वेगळे पैसे द्या, त्या आनंदाने येतील. गच्चीवर सोसायटीचं गांडूळखत करता आलं तर आणखी उत्तम: पुणे महापालिका त्यासाठी मिळकतकरात सवलत देते, या यंत्रासाठी नाही.

वर्षभराने पैसे साठले आणि तरीही हवंसं वाटलं, तर खुशाल रोखीने घ्या. सोय विकत घेण्यात गैर काही नाही. फक्त त्याआधी सोसायटीची लेखी परवानगी घ्या आणि सिंकचं भोक मोजा. बहुतेक यंत्रांना 90 मिलिमीटर लागतं. त्याहून लहान असेल तर सिंकच बदलावं लागेल आणि 31 चे 40 व्हायला वेळ लागणार नाही.