आबाजींची बांधीव वही सुटी करू नका

भाऊ, तुम्ही अकोट तालुक्यातून लिहिलंय: वाड्यातल्या पेटीत आबाजींनी बांधून घेतलेली जाड वही निघाली, आत मोडीतली लढायांची आणि राजकारणाची पत्रं डकवलेली आहेत, कडेला त्यांच्या पेन्सिलीतल्या टिपा आहेत. पानं सोडवून लॅमिनेट करू का, आणि शिक्क्यांची तेवढी पत्रं विकत मागणाऱ्याला देऊन टाकू का, असं विचारताय. हात जोडून सांगतो, दोन्ही करू नका.

तारीख फाटलेली, शिक्का नसलेली चिठ्ठी एकटी पाहिली तर मुकी असते. आबाजींनी ती कोणत्या पत्राशेजारी लावली, खाली ‘अमक्या देशपांड्यांच्या घरून’ असं लिहिलं का, यावरूनच ती कोणत्या दप्तरातली ते कळतं. तो माग वही उसवली की कायमचा गेला. आणि शिक्क्याची पत्रं काढून नेल्यावर मागे जी हिशेबाची चिटोरी उरतील, त्यांचं मोल मला जास्त वाटतं. किती स्वार हजर होते, रोजमुरा (रोजचा पगार) कुणाचा थकला, दाणावैरण कोणत्या गावावर बसवली, हे बखरीत सहसा सापडत नाही.

आता तारखा. पत्रात ‘सु॥ अर्बा मयातैन व अलफ’ असं दिसलं तर ते चार, दोनशे आणि हजार, म्हणजे सुहूर सन १२०४ (मराठी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिलेलं साल). हे साल मृगाला बदलतं. मृगानंतरच्या महिन्यांसाठी ५९९ मिळवायचे, नवं इंग्रजी वर्ष लागलं की पुढच्या मृगापर्यंत ६००. तुमच्या शेजारच्या आडगावची इंग्रज-भोसले लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ची, म्हणजे याच १२०४ मधली, मुसलमानी महिना शाबान. मागोमाग १५ डिसेंबरला गाविलगड पडला, किल्लेदार बेणीसिंग तिथंच कामी आला, आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. या तीन आठवड्यांतला एखादा कागद तुमच्या वहीत असेल तर तो फार मोलाचा. वसुलीच्या कागदांवर बहुधा फसली म्हणजे महसुली साल असतं, तिथं ५९९ ऐवजी ५९० आणि ६०० ऐवजी ५९१ धरा.

देवगावचा तह खरंखोटं पारखायलाही उपयोगी पडतो. त्या तहानं नागपूरच्या दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख सोडला, पण नरनाळा आणि गाविलगड हे किल्ले भोवतालच्या महालांसह (वसुलीच्या परगण्यांसह) त्यांच्याकडे राहिले. तेव्हा १८०४ नंतर नागपूरकरांचा वसुलीचा हुकूम अकोटाकडच्या गावावर दिसला तर दचकू नका, आधी ते गाव नरनाळ्याच्या महालात होतं का पाहा. वाशिमकडच्या गावावर दिसला तर मात्र शंका घ्या. तहाआधी वऱ्हाडात निजाम आणि भोसले दोघांचाही अंमल होता, म्हणून त्या काळात एकाच गावच्या दोन धन्यांच्या पावत्या निघाल्या तर नवल नाही.

अस्सल पत्र बारीक घडी घालून पाठवलेलं असतं. घडीच्या रेघा, पाठीवरचा मजकूर, शेवटचं मोर्तब (मजकूर संपल्याचा शिक्का) पाहा. वीस वेगवेगळ्या माणसांची पत्रं एकाच हातात, एकाच कागदावर असतील तर त्या नकला. पण नकला म्हणून टाकून देऊ नका. मूळ दप्तर वाळवीनं खाल्लं असेल तर नक्कल हेच मूळ. विलायती कागद सुटा असेल तर उजेडासमोर धरा. आतल्या पाणचिन्हात (वॉटरमार्कमध्ये) कधी कधी सालही असतं, आणि त्या कागदावरचं लिखाण त्या सालाआधीचं असू शकत नाही.

लॅमिनेशनची उष्णता आणि प्लास्टिक जुन्या हातकागदाला मारतं, आणि ते परत निघत नाही. सेलोटेप, फेविकॉलही नको. काजळीची शाई पाण्यानं पसरते, म्हणून ओलं फडकं लावू नका. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ काढा, वही धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून आडवी ठेवा. टिनाच्या छपराखाली नको, आपल्या मे महिन्यात तिथं कागद पापड होतो. पावसाळ्यात कसर लागते, म्हणून महिन्याकाठी उघडून पाहत जा. फोटो सावलीत, फ्लॅशशिवाय, पहिल्या पुठ्ठ्यापासून शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत क्रमानं काढा, कोरी पानंसुद्धा.

विक्रीचं म्हणाल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्यात ७५ वर्षांहून जुनं, ऐतिहासिक मोलाचं हस्तलिखित पुरावशेषच ठरतं. त्याचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. त्या गृहस्थाला आधी परवाना विचारा. वाचून घ्यायला राज्य पुराभिलेख खात्याचं नागपूरचं कार्यालय किंवा पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ गाठा, पण पहिल्या भेटीला फोटोच न्या, वही घरी राहू द्या. शिक्क्यांच्या पत्रांच्या पहिल्या दोन ओळी आणि शेवटच्या दोन ओळी इथं टाकल्यात तर सालं मी लावून देतो.