जुन्या पोर्शे ९४४ ला इंजिन माउंट कंपनीचे घ्यावेत की बाहेरचे?

तुमची गाडी १९८६ ची ९४४, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) स्टेअरिंग थरथरतं, मेकॅनिक म्हणतो माउंट (इंजिन पेलून धरणारे रबरी आधार) गेले, आता शोरूमचे घ्यायचे की बाहेरचे, आणि तुमचा मित्र म्हणतोय "पॉली टाक, गाडी जिवंत होते" (पॉली म्हणजे पॉलीयुरेथेनचे कडक माउंट). ह्या शेवटच्या वाक्यामुळे मी रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडून बसलोय, कारण हेच वाक्य शब्दशः मला माझ्या दाजींनी २०१८ साली ऐकवलं होतं.

मी मिशिगनमध्ये असतो. माझी गाडी १९८७ ची, साधी आठ व्हॉल्व्हवाली, टर्बो नाही, २०१७ च्या ऑक्टोबरात एका रिटायर्ड माणसाकडून घेतली. घेतल्या घेतल्या बेल्ट बदलून घेतले, कारण ह्या इंजिनात टायमिंग बेल्ट तुटला की पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात हे तुम्हाला माहिती असेलच. गॅरेजचं नाव घेत नाही. आयडलला थोडी थरथर आधीपासून होती, पण गॅरेजमधून गाडी आली ती नवीनच आजार घेऊन आली, तीन हजार आरपीएमच्या वर गेलं की पेडलमधून, सीटमधून बारीक कंप, आणि आरशात मागची एक गाडी दोन दिसायची.

मी खाली घुसून बघितलं तर एक्झॉस्टच्या बाजूचा माउंट बसलेला, त्यातून काळं पाणी गळून क्रॉसमेंबरवर, म्हणजे इंजिनाखालच्या आडव्या दांड्यावर, वाळलेलं. ह्या बाजूचाच आधी जातो, सगळ्यांचाच जातो, कारण वरून एक्झॉस्ट त्याला दिवसभर भाजत असतो. कंपनीचा माउंट म्हणजे नुसता रबरचा ठोकळा नाही, आत दोन कप्पे असतात, त्यात ग्लायकॉलसारखं द्रव, मधे चिंचोळी वाट. इंजिन मोठ्या हेलकाव्याने हललं की द्रव त्या वाटेतून ढकललं जातं आणि हेलकावा मरतो, बारीक कंपाला मात्र माउंट मऊच राहतो. द्रव गळलं की उरतो एक दमलेला रबर, आणि इंजिन खाली बसतं. म्हणजे माझा माउंट खरंच गेलेला होता, त्यात खोटं काही नाही. पण तीन हजारवरचा कंप त्याचा नव्हता, आणि ते मला एका माणसाने पहिल्याच फोनवर सांगितलं होतं.

तो माणूस म्हणजे आमचे बाबा. भोसरी एमआयडीसीत त्यांची शेड होती, दोन प्रेस, चार कामगार, टेम्पोचे इंजिन माउंट आणि बुश बनवायचे आणि नाना पेठेतल्या दुकानांना द्यायचे. २०११ ला शेड विकली. मी फोनवर सगळं सांगितलं तर म्हणाले, "पट्टा बदलल्यावर सुरू झालं ना? मग पट्टा बघ. रबराला कशाला शिव्या देतोस."

आणि त्याच रविवारी ताई-दाजी जेवायला आले. दाजींकडे मस्टँग, तिला पॉलीचे माउंट, ट्रॅकवर नेतात वर्षातून दोनदा. त्यांनी पाच मिनिटं गाडी चालवली आणि निकाल दिला, फॅक्टरीचे माउंट म्हातारपणासाठी असतात, पॉली टाक, गाडी जिवंत होते. मी म्हटलं बाबा म्हणतायत बेल्ट बघ, तर म्हणाले, "बाबांचं सोड रे, ते टेम्पोचे पार्ट बनवायचे. लोकल माल." सगळे हसले. मीही हसलो, आणि माझी इंजिनिअरिंगची फी त्याच लोकल मालातून भरली गेली होती हे ताटात पुरणपोळी असताना आठवलं तरी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पॉलीचे माउंट ऑर्डर केले.

बसवायला पूर्ण शनिवार गेला. इंजिनला वरून सपोर्ट बार लावा, ऑइल पॅनखाली जॅक लावून उचलू नका, पॅन अॅल्युमिनियमचा आहे. बाकी काम अवघड नाही, वैतागवाणं आहे. चालू केली आणि अख्खी गाडी मोबाइल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखी. आयडलला डॅशबोर्डमधून तीन वेगवेगळे खडखडाट. तीन हजारवरचा कंप होता तिथेच, उलट दुप्पट, कारण आता मधे काही मऊ उरलंच नव्हतं. दाजी म्हणाले हे फीडबॅक आहे, सवय होईल. त्या वर्षी आई इथे आली होती, तिला मंडळाच्या गणपतीला ह्या गाडीतून नेलं, चाळीस मिनिटं, उतरल्यावर म्हणाली, "अरे, लाल डबा बरा की रे ह्यापेक्षा. त्यात निदान खिडकीशी बसता येतं." परत येताना ती ताईच्या गाडीत बसली.

आता दाजींचा मुद्दा, जो मी तेव्हा खोडायला हवा होता. कडक माउंट का घालतात, तर इंजिन पिळवटतं म्हणून. मस्टँगमध्ये इंजिन आणि गियरबॉक्स दोन्ही पुढे, पहिल्या गियरला इंजिनाचा टॉर्क (फिरवण्याचा जोर) गियरने तिपटीच्या आसपास होऊन प्रॉपशाफ्टमधून (मागे जाणाऱ्या दांड्यातून) बाहेर पडतो आणि त्याची सगळी प्रतिक्रिया पुढच्या माउंटवर येते, इंजिन एका कुशीवर वळायला बघतं. तिथे पॉलीत अर्थ आहे, मान्य. ९४४ मध्ये गियरबॉक्स आणि डिफरन्शियल (दोन चाकांना जोर वाटणारा भाग) मागे, आणि मधली टॉर्क ट्यूब नावाची नळी त्यांना पुढच्या इंजिनाशी घट्ट बांधून ठेवते, म्हणजे इंजिनापासून डिफपर्यंत एकच लांब दांडा. गियरने वाढलेला तो पीळ त्या दांड्याच्या आतल्या आत मिटतो. बाहेर उरतो तो चाकांकडचा पीळ, तो दांड्याला पुढून-मागून वरखाली करायला बघतो, आणि दांडा इतका लांब की पुढच्या माउंटवर त्याचा फारसा भार येत नाही. न्यूट्रलमध्ये रेस केलीत तर इंजिन डुलेल, पण त्यासाठी कोणी गाडी घेतं का? मी हे सगळं कागदावर काढून दाजींना दाखवलं होतं नंतर, त्यांनी कागदाला "इंटरेस्टिंग" म्हटलं आणि विषय बदलला. गियर ढिले लागत असतील तर तेही बहुतेक गियर लिव्हरच्या लिंकेजचे सांधे झिजल्यामुळे, इंजिन माउंटमुळे नाही.

मग पुढच्या वसंतात वॉटर पंप गळायला लागला म्हणून पुढची कव्हरं मीच उघडली. ह्या इंजिनात चार सिलेंडरमध्ये अडीच लिटर, एवढ्या मोठ्या चार सिलेंडरला क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) दुप्पट वेगाचा हादरा असतोच, तो मारायला दोन बॅलन्स शाफ्ट, उलट-सुलट फिरणारे, क्रँकच्या दुप्पट वेगाने. कल्पना मित्सुबिशीची, पोर्शेने रीतसर लायसन्स घेऊन वापरली. त्यांचा बेल्ट वेगळा, आणि तो बसवताना खुणा जुळवाव्या लागतात. माझ्या एका शाफ्टची खूण एक दात सरकलेली. एक दात! गॅरेजवाल्याने बसवताना चुकवलेला, आणि मी त्याच्यासाठी माउंट बदलले, आईची पाठ दुखवली, आणि बाबांना तीनदा सांगितलं की तुम्हाला इथल्या गाड्या कळत नाहीत. खूण जुळवली, बेल्टचा ताण नीट केला, तीन हजारवरचा कंप गेला. आयडलची खडखड राहिली, ती पॉलीची होती. बाबांना फोन केला तर ते फक्त "बरं" म्हणाले आणि इथे थंडी कमी झाली का ते विचारलं.

तर तुम्ही आधी हे बघा. आयडलला हादरते आणि रेस केल्यावर शांत होते, तर माउंट. आरपीएमबरोबर वाढत जाते, तर बॅलन्स शाफ्ट. दोन्ही असेल तर दोन्ही, माझ्यासारखं.

आता खरेदीचं. शोरूमच्या डब्यातला माउंट महाग, पण चांगला. पोर्शेसाठी तो बनवणाऱ्याचाच माल लोगो घासून दुसऱ्या डब्यात मिळाला तर तोच घ्या, लोगोचे पैसे कशाला. पण "फॅक्टरी म्हणजे चांगला, बाहेरचा म्हणजे लोकल" हे मला मान्य नाही आणि होणार नाही, कारण बाबांचा मालही बाहेरचाच होता. रबर कोणी आणि कसा शिजवला एवढाच प्रश्न असतो. बाबा क्युअर करण्याला, म्हणजे उष्णतेने रबर पक्का करण्याला, शिजवणंच म्हणायचे. लोखंडी प्लेट ब्लास्ट (कणांचा जोरात मारा) करून घ्यायची, त्यावर बॉण्डिंगचे दोन कोट, मधे कोणाचं तेलकट बोट लागलं की ती प्लेट बाजूला, मग दीडशे डिग्रीच्या आसपास प्रेसमध्ये. घाईत लवकर काढला की वरून मस्त दिसतो आणि सहा महिन्यांत प्लेटपासून सुटतो. दर लॉटमधला एक माउंट ते व्हाइसमध्ये धरून फाडायचे. रबर मधून फाटला तर माल जायचा, प्लेटवरून सोलून निघाला तर अख्खा लॉट भंगारात. मी शाळेत असताना असा एक लॉट भंगारात गेलेला बघितलाय, दिवाळीच्या आठवड्यात, कामगारांचा बोनस द्यायचा होता तेव्हा.

तुम्ही फाडून बघू शकत नाही, पण तारीख बघू शकता. मोल्ड केलेल्या बऱ्याच पार्टवर घड्याळासारखं छोटं गोल चिन्ह असतं, मधे वर्ष, बाण महिन्याकडे. पंधरा वर्षं गोदामात पडलेला ओरिजिनल घेऊ नका, रबर वापरला नाही तरी म्हातारा होतो. रबर आणि लोखंडाच्या जोडावर नख फिरवून बघा, कडा उचलली जाते का. आणि स्वस्तातला साधा भरीव रबरचा घ्यायचा तर त्याला हायड्रॉलिक समजून घेऊ नका, विकणारे फोटो एकच लावतात. काही लोक व्होल्वोचे हायड्रॉलिक माउंट थोडी जुळवाजुळव करून बसवतात, स्वस्त पडतात, वाईट नाहीत.

हो, आणि एक राहिलं. गाडी फक्त ट्रॅकवर चालत असेल, आतलं सगळं काढून टाकलेलं असेल, तर पॉली घाला, माझी हरकत नाही, पण तो कमी कडकपणाचा घ्या, शोअर (कडकपणाचं माप) पंच्याण्णवचा वगैरे नको. एक्झॉस्टच्या बाजूला उष्णता अडवणारा पत्रा नसेल तर कुठलाही माउंट घातलात तरी लवकर मरेल, तो पत्रा जुन्या गाड्यांत हमखास हरवलेला असतो, आधी तो शोधा. मागचा गियरबॉक्सचा माउंटही बघून घ्या. आणि कदाचित माझे पॉलीचे त्या एका कंपनीचेच वाईट असतील, दुसऱ्यांचे बरे असू शकतात, दाजी तर अजूनही म्हणतात की बसवतानाच मी चुकलो. ते दोन्ही माउंट माझ्या गॅरेजात आहेत, एक दाराला अटकाव म्हणून वापरतो, दाजी आले की त्याला ठेचकाळतात.

तुमचे बेल्ट शेवटचे कधी बदलले ते लिहा, आणि जमलं तर वरचं कव्हर काढून बॅलन्स शाफ्टच्या खुणांचा फोटो टाका. मी बाबांना व्हॉट्सअॅपवर पाठवतो.