सर्किटमध्ये नजर बाहेर ठेव

सर्किट म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीभोवती घ्यायची ठरलेली फेरी. तिथे जे विमान काचेवर सरकताना दिसतं, त्याची फारशी काळजी नको. एकाच जागी चिकटून हळूहळू मोठं होणारं विमान घातक, कारण ते तुझ्याच दिशेनं येतंय. शिवाय स्थिर ठिपका नजरेत भरतच नाही, काचेवरच्या किड्यासारखा वाटतो. समोरासमोर 100-100 नॉटनं (ताशी सागरी मैल) येणारी दोन विमानं एक सागरी मैल 18 सेकंदांत संपवतात. दिसणं, ओळखणं, ठरवणं आणि विमान प्रत्यक्ष वळणं यातच साधारण 12 सेकंद जातात.

म्हणून नजर नुसती फिरवू नकोस. सरकत्या नजरेला बारीक ठिपका सापडत नाही. साधारण 10 अंशांचा पट्टा, तिथे किमान एक सेकंद थांब, मग पुढचा. खिडकीच्या खांबामागे अख्खं विमान लपतं, तेव्हा डोकं पुढेमागे कर.

सर्वांत जपायचं ते फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या सरळ टप्प्यात. खालच्या पंखाच्या विमानाला खालचं दिसत नाही, वरच्या पंखाच्याला वरचं. खालच्या पंखाचं वर आणि वरच्या पंखाचं खाली आलं की दोघेही आंधळे. बेसवरून (फायनलच्या आधीचा आडवा टप्पा) वळण्याआधी पंख उचलून फायनलचा पूर्ण पट्टा बघ, उलट बाजूचा बेससुद्धा.

रेडिओवर जागा आणि उंची दोन्ही सांग. ट्रान्सपॉन्डर, म्हणजे रडारला उत्तर देणारं यंत्र, 'ऑल्ट'वर (उंचीही कळवणारी स्थिती) हवा. स्क्रीनवर ट्रॅफिक दिसत नाही म्हणजे आकाश मोकळं, असं धरू नकोस; ट्रान्सपॉन्डर नसलेली ग्लायडर तिथे उमटतीलच असं नाही.

समोरासमोर आलात तर दोघांनीही उजवीकडे वळायचं.