सही करण्याआधी रजिस्टर वाचायचं

प्रश्न : ताई, माझी दोन मुलं वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत आहेत, एक दुसरीत, एक चौथीत. जूनमधल्या पालकसभेत मला शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष केलं. कुणीतरी नाव सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं, टाळ्या वाजल्या. माझं शिक्षण नववी. त्यानंतर एकच सभा झाली, तिला माझे मालक जाऊन बसले. दर महिन्याला एक पोरगा रजिस्टर घेऊन घरी येतो आणि मी सही करते. परवा पंचवीस हजारांच्या खर्चावर सही मागितली, तेव्हा हात थांबला. सरांशी वाकडं घ्यायचं नाही, मुलं तिथंच शिकतात. काय करू? लेकीसारखं सांगा.
— एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : लेकीसारखं सांगा म्हणालीस, म्हणून अगं-तूगं करते. हात थांबला हे फार चांगलं झालं. माझा लवकर थांबला नव्हता.

2012 ते 2016 मी आमच्या गावच्या शाळेची अध्यक्ष होते. पहिलं वर्षभर मीही घरी आलेल्या रजिस्टरवर सह्या केल्या, चुलीपुढं बसून, पिठाचे हात पदराला पुसून. एकदा माझी चौथीतली लेक शेजारी बसली होती. तिला वाचायची हौस. तिनं त्यातलं सभेचं इतिवृत्त मोठ्यानं वाचलं : ‘सर्व सदस्यांनी स्वच्छतागृहाची पाहणी करून समाधान व्यक्त केले.’ आणि मला विचारलं, “आई, पण आमच्या संडासाला तर कुलूप असतं ना?”

खाली माझी सही होती.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेले. कुलूप होतं, किल्ली कपाटात. रात्री बाहेरची माणसं घाण करून जायची, आत पाणी नव्हतं, म्हणून सरांनी बंद ठेवलेलं. त्यांच्या परीनं कारण खरं होतं. पण मुलींना विचारलं तेव्हा कळलं, सकाळी घरातून निघाल्यापासून चार वाजेपर्यंत त्या पाणीच पीत नाहीत. लागू नये म्हणून. माझी पोरसुद्धा. ते ऐकून मला रात्री जेवण गेलं नाही.

त्या महिन्याची सभा खरीखुरी झाली. ठराव केला : शाळा भरताना कुलूप निघेल, किल्ली वर्गाच्या दाराशी खिळ्याला राहील, शाळा सुटली की पुन्हा कुलूप. पाण्यासाठी दोनशे लिटरचं पिंप एका पालकानं दिलं. आठवड्याभरात झालं. एवढ्याशा कामाला आम्ही वर्ष घालवलं होतं, ही खंत मला आजही आहे.

आता तुझं. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याच्या कलम 21 प्रमाणे या समितीत किमान तीन-चतुर्थांश पालक हवेत आणि निम्म्या बाया. आपल्या राज्याच्या नियमांत अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, मुख्याध्यापक हे सदस्य सचिव, आणि सभा महिन्यातून एकदा. शाळेचं कामकाज पाहणं, विकास आराखडा करणं आणि आलेल्या अनुदानाचा खर्च नीट होतो का ते बघणं, हे कायद्यानं समितीला दिलेलं काम आहे. त्यात नववी-दहावीची अट कुठं नाही. त्यामुळं कीर्द म्हणजे जमाखर्चाची वही, बिलं, व्हाउचर मागणं म्हणजे सरांवर संशय घेणं होत नाही, ते तुझं कामच आहे.

ही रक्कम बहुतेक सरकारच्या ‘समग्र शिक्षा’ योजनेतल्या संयुक्त शाळा अनुदानाची असेल. 31 ते 100 पटाच्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये मिळतात आणि त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्च करायचा असतो. बिल हातात घे आणि बिलावरची वस्तू डोळ्यांनी बघ. फळ्याला रंग दिला म्हणतात, तर फळ्याजवळ जाऊन उभी राहा. झाडू, फिनेल घेतलं असेल तर ते कुठं ठेवलंय ते विचार. कागदावरचं आणि समोरचं जुळलं की खुशाल सही कर.

सरांना निरोप असा दे : “सर, शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी येते, बिलं काढून ठेवा, तिथंच सही करते.” यात कुठं भांडण आहे? दोन शिक्षकी शाळेत शिकवायचं, ऑनलाइन माहिती भरायची, खिचडीचा हिशेब ठेवायचा, हे सगळं त्यांच्यावरच पडतं. बायांची मजुरी बुडते म्हणून सभेला कुणी येत नाही, मग रजिस्टर घरोघर फिरतं. सभा शनिवारी ठेवली तर चार आया नक्की येतील. तू स्वतः दोघींना घरी जाऊन बोलाव.

मालकांशीही बोलायला हवं. अध्यक्ष तू आहेस, खुर्चीवर तूच बसायचं. वाटल्यास पहिल्या सभेला ते शाळेच्या गेटपर्यंत येऊ देत.

खिचडीच्या वेळेला मात्र न सांगता जात जा. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ ठरलेला आहे, म्हणजे साठ मुलं हजर असतील तर सहा किलो. वाढायच्या आधी चव घ्यायची आणि चव नोंदवहीत लिहायचं. खारट असेल तर खारट लिही. शिजवणाऱ्या बाईंना मात्र मुलांसमोर बोलू नकोस.

आणि डिसेंबर संपायच्या आत आराखड्याचा विषय काढ. तो तीन वर्षांचा असतो, आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तयार व्हायला हवा. वस्तीवरच्या आयांना विचारून काय हवं ते वहीत लिहून ने. तुझी चौथीतली पोर किंवा पोरगा असेल, त्यालाही विचार.

प्रश्न : आमची मुलगी पुण्यातल्या विनाअनुदानित खाजगी शाळेत आहे. आम्हाला अशी समिती मिळेल का?
— एक बाबा

उत्तर : नाही, कलम 21 मधून विनाअनुदानित शाळा वगळल्या आहेत. पण राज्याच्या 2011 च्या शुल्क नियमन कायद्याप्रमाणे तुमच्याकडे पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती हवी. तिच्यावर प्रत्येक इयत्तेतून एक पालक सोडतीनं निवडतात. पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव व्यवस्थापनानं सहा महिने आधी या समितीपुढं ठेवायचा असतो. सोडत कधी झाली आणि कुणासमोर, हे शाळेला लेखी विचारा. यंदा नाव देऊन ठेवा.